फिल्मवरची धूळ आणि डब्यातला वारा



वसंतातील व्याख्यानांना येणारा श्रोता वेदान्ताला भीत नाही आणि अर्थशास्त्रालाही कंटाळत नाही, हा आमचा जुना अनुभव आहे. तेव्हा आज आम्ही 'धूळ' हा विषय घेऊन उभे राहिलो तर आपण उठून जाणार नाही, अशी उमेद आहे. खुर्चीवर बसण्यापूर्वी आपणांपैकी पुष्कळांनी रुमालाने ती झटकली असेल. खुर्चीचे ठीक आहे. खुर्ची झटकता येते, पुसता येते, धुताही येते. परंतु जी वस्तू पुसली तर ओरखडते आणि जिला बोट लावले तर बोटाचा ठसा जन्मभर राहतो, तिच्यावरची धूळ काढावयाची कशी? फोटोची निगेटिव्ह ही अशी वस्तू आहे. कॅमेऱ्याच्या आतला आरसा ही दुसरी, आणि चांगली लेन्स ही तिसरी. यांना स्पर्श न करता धूळ घालवावयाची, म्हणजे वाऱ्याचे साहाय्य घ्यावयाचे, हे उघड आहे. आता तो वारा कोणता घ्यावा, एवढाच आजचा प्रश्न. हा प्रश्न क्षुल्लक आहे असे आम्हांसही एके काळी वाटत असे. ते का वाटेनासे झाले, ती हकीकत आधी सांगतो.

आमच्या वडिलांपाशी एक साधा पेटी-कॅमेरा होता. त्यात रुंद फिल्मची गुंडाळी बसे आणि एका गुंडाळीत आठ फोटो निघत. आठ फोटो पुरवून पुरवून काढावयाचे म्हणजे घरात मुंज, लग्न किंवा पाहुणा असल्यावाचून कॅमेरा बाहेर निघत नसे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, तेव्हा आमच्या वाड्याचा खालचा मजला गेला. भिंतीवरच्या तसबिरी गेल्या, कपाटातले अल्बम चिखलाचे गोळे होऊन बाहेर आले. निगेटिव्हचा पत्र्याचा डबा मात्र माळ्यावर होता, तेवढा वाचला. आमच्या आईचे तरुणपणचे एकच छायाचित्र आहे. तुळशीवृंदावनापाशी ती उभी आहे, आणि बहुधा काही तरी बोलत आहे, कारण ओठ किंचित हललेले आहेत. त्याचा छापील फोटो पुरात गेला, निगेटिव्ह राहिली. म्हणजे जगात आता त्याची एकच प्रत होती, आणि ती आमच्या हातात होती.

काही वर्षांपूर्वी आमची भाची आपला स्कॅनर घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, आजीचा फोटो आपण कॉम्प्युटरवर घेऊ, म्हणजे सगळ्यांकडे राहील." आम्हांस आनंद झाला. तिने येताना एक हवेचा डबाही आणला होता. वर पांढरे तोंड, त्याला लाल बारीक नळी, दाबले की सूं करून वारा सुटतो. दिवस आषाढाचे होते, बाहेर झिमझिम चालू होती. आम्ही, तिने नव्हे, उत्साहाने डबा हातात घेतला, चांगला हलवला, निगेटिव्ह खाली धरली, आणि डबा तिरपा करून जवळून झोत सोडला. वाऱ्याऐवजी पांढरा तुषार आला. निगेटिव्हवर रुपयाएवढे बर्फ जमले. ते क्षणात वितळले, त्याचे पाणी झाले, आणि आम्ही घाबरून ते आपोआप वाळू दिले. वाळल्यावर तेथे एक वर्तुळ उमटले होते. धूळ गेली नव्हती; ती त्या वर्तुळात आत चिकटून बसली होती.

त्या क्षणी जे अज्ञान आमच्या ठायी होते, ते आपल्यापैकी काहींच्या ठायी अजून असेल. म्हणून हे व्याख्यान.

प्रथम, एवढी चिंता करण्याचे कारण काय, ते पाहू. लहान फिल्मवरील चित्र अवघे ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असते. ते आपण दसपट मोठे करतो तेव्हा त्यावरील धूळही दसपट होते. माणसाचा केस साधारणपणे मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढा जाड असतो. तेवढा कण छापात अर्धा ते एक मिलिमीटरचा होऊन आईच्या गालावर बसतो. निगेटिव्हवर धूळ प्रकाश अडवते, म्हणून छापात तिचा पांढरा ठिपका पडतो. स्लाइडवर हीच धूळ काळी दिसते. पूर्वी फोटोग्राफर मंडळी बारीक कुंचला आणि शाई घेऊन हे पांढरे ठिपके एक एक करून भरीत बसत. ते काम ज्यांनी केले आहे त्यांना धुळीविषयी वैराग्य नव्हे, वैर वाटते.

कोणी म्हणेल, आता हे सगळे यंत्रच पुसते. ते अर्धसत्य आहे. चांगल्या स्कॅनरमध्ये धूळ ओळखण्याची एक युक्ती असते. रंगीत फिल्ममधील रंग अवरक्त किरणांना अडवीत नाहीत, धूळ अडवते. म्हणून अवरक्त किरणांत जे दिसते ते धूळ समजून यंत्र ते भरून काढते. परंतु जुन्या कृष्णधवल फिल्मवरील चित्र रंगाचे नसून चांदीचे असते, आणि चांदी अवरक्त किरणांनाही अडवते. यंत्राच्या दृष्टीने आई आणि धूळ यांत भेद उरत नाही. आपल्या घराघरांतील जुना ठेवा बहुतेक कृष्णधवल आहे. तेव्हा तो हातानेच साफ केला पाहिजे, यातून सुटका नाही.

आता धूळ चिकटते का आणि उडते कशी, याविषयी दोन शब्द. आपल्या घरी छताला पंखा आहे. तो उन्हाळाभर गरगरा फिरतो. तरी दिवाळीच्या साफसफाईला त्याची पाती पाहावीत तर त्यांवर धुळीचा थर! एवढ्या वेगाने वारा कापणाऱ्या पात्यावरची धूळ उडून का जात नाही? याचे उत्तर लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली दिले. पृष्ठभागाला अगदी लागून असलेला हवेचा थर पृष्ठभागाबरोबरच राहतो. त्याच्या दृष्टीने तेथे वारा नसतोच. वाऱ्याचा वेग पृष्ठभागापासून जसजसे दूर जावे तसतसा वाढतो. मोठा कण आपले डोके या शांत थराच्या वर काढतो, त्याला वारा पकडतो आणि तो उडतो. अगदी बारीक कण त्या थरात बुडून असतो, म्हणून वादळ आले तरी हलत नाही. त्यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, वाऱ्याचा जोर दुप्पट केला म्हणजे सफाई दुप्पट होत नाही. दुसरी, संथ झोतापेक्षा तुटक फुंकर बरी आणि सरळ माथ्यावर मारण्यापेक्षा तिरपी, पृष्ठभागाला घासून जाणारी बरी. तिने कण कडेने उचलला जातो. सुपाने धान्य पाखडणाऱ्या बायकांना हे प्रांट्लच्या आधीपासून ठाऊक आहे.

फुंकर म्हटली की सर्वांत जवळचे साधन तोंड. ते वापरू नये. तोंडातून हवा येते तिच्याबरोबर ओलावा येतो आणि थुंकीचे न दिसणारे कण येतात. फिल्मवरचा चित्राचा थर जिलेटिनचा, म्हणजे खाण्याच्या पदार्थाचाच असतो. त्यावर ओल आणि थुंकी पडली की बुरशीला पंगतीचे आमंत्रण दिल्यासारखे होते. कोकणातील लोकांना पावसाळ्यानंतर लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे दिसते, ते हेच.

आता त्या डब्याकडे येऊ. त्यावर 'हवा' असे लिहिलेले असले तरी आत हवा नसते. हे वाक्य आम्ही पुन्हा म्हणतो, कारण सगळी गफलत येथे आहे: आत हवा नसते. साधी हवा पातळ पत्र्याच्या डब्यात दाबून भरली तर चार फुंकरांत संपेल. म्हणून आत एक असा पदार्थ भरतात की जो थोड्या दाबाने द्रव होतो आणि दाब सुटताच वायू होतो. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसचा सिलिंडर डोळ्यांपुढे आणा. आत खाली द्रव असतो, वर त्याचा वायू. शेगडी पेटली की वरचा वायू जातो आणि खालच्या द्रवातून नवा तयार होतो; म्हणून शेवटपर्यंत दाब जवळजवळ सारखा राहतो. तो सिलिंडर आडवा टाकून कोणी शेगडी पेटवीत नाही, कारण मग वायूऐवजी द्रव बाहेर येईल. हवेचा डबा हा तसाच छोटा सिलिंडर आहे. आम्ही तो हलवला आणि तिरपा केला, म्हणजे नेमके जे करू नये ते केले.

या डब्यांत बहुधा दोनपैकी एक पदार्थ असतो. एकाचे नाव टेट्राफ्लुओरोइथेन, व्यवहारातले नाव १३४-ए; मोटारीच्या आणि फ्रीजच्या थंडाव्यासाठी वापरतात तोच. तो उणे २६ अंशांवर उकळतो. दुसरा डायफ्लुओरोइथेन, म्हणजे १५२-ए; तो उणे २५ च्या आसपास उकळतो. असा द्रव फिल्मवर पडला की तो तेथेच उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता फिल्ममधून ओढून घेतो. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते तोच न्याय, फक्त शतपट कडक. आषाढातली दमट हवा त्या गार जागेवर येताच तिच्यातील बाष्पाचे बर्फ होते, आणि मग पाणी. जिलेटिन पाणी पिऊन फुगते, धूळ त्यात रुतते, आणि असमान वाळले की कड उमटते. आमच्या निगेटिव्हचे हे असे झाले. हाच द्रव कोवळ्या लेन्सवर पडला तर एका बाजूने गोठलेली काच तडकण्याचे भय, आणि कातडीवर पडला तर भाजल्यासारखा फोड येतो.

डबा वापरीत राहिले की तो हाताला गार लागतो, तोही याच कारणाने. गार झाला की दाब उतरतो, फुंकर मंदावते, आणि माणूस ती वाढावी म्हणून डबा हलवतो किंवा जवळ नेतो. मग तुषार. काही डब्यांत आणखी एक गोष्ट असते. हा वायू हुंगून नशा करण्याचे व्यसन परदेशात, विशेषतः अमेरिकेत, कोवळ्या पोरांत शिरले. आणि त्यात हृदय एकाएकी बंद पडून मृत्यू झाले आहेत, पहिल्याच वेळीसुद्धा. म्हणून काही उत्पादक त्यात अतिशय कडू पदार्थ मिसळतात. ती कडवट पूड चांगल्या हेतूने घातलेली असते, पण ती फिल्मवर बसते. घरात मुले असतील तर असा डबा कुलपात असावा, हे आम्ही फोटोग्राफर म्हणून नव्हे, आजोबा म्हणून सांगतो.

आणि १५२-ए पेटतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चारपासून सुमारे सतरापर्यंत असेल तर ठिणगी पुरे. तापलेल्या दिव्याच्या प्रोजेक्टरवर किंवा एन्लार्जरच्या पेटत्या दिव्याच्या घरात हा डबा फुसकारणे म्हणजे काय, ते निराळे सांगावयास नको. डब्यावर ज्वालेची खूण आहे की नाही, हे आधी पाहावे.

येथे थोडे विषयांतर करतो. पूर्वी अशा डब्यांत फ्रिऑन-१२ हा वायू असे. तो पेटत नसे, विषारी नव्हता, कशाशी भांडत नसे. रसायनांतला जणू अजातशत्रूच. परंतु १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले की, हा सज्जन वायू खाली कोणाशी भांडत नाही म्हणूनच टिकून वर चढतो आणि तेथे ओझोनचा थर खातो. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला, आणि फ्रिऑन मागे पडला. त्याच्या जागी १३४-ए आला. तो ओझोनला धक्का लावीत नाही. पण पृथ्वी तापविण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट भारी आहे. म्हणून २०१६ साली किगाली येथे त्याच्याही कपातीचे ठरले, आणि भारताने २०२१ साली ते मान्य केले. आता कुठे कुठे याहून सौम्य वायूचे डबे येत आहेत. एका निगेटिव्हवरची धूळ उडविण्यासाठी आपण आभाळाला किती बोजा द्यावा, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आमचा हिशेब आम्ही केला आहे.

तरीही कोणास डबा वापरावयाचाच असेल तर तो उभाच धरावा, हलवू नये, पहिली फुंकर दुसरीकडे सोडून द्यावी, हातभर अंतर राखावे, आणि एकेक सेकंदाची तुटक फुंकर घालून मध्ये डब्याला विसावा द्यावा. उन्हात उभ्या मोटारीत तो कधी ठेवू नये. कॅमेऱ्याच्या पोटात, जेथे आरसा, पडदा किंवा हल्लीच्या कॅमेऱ्यांतला सेन्सर असतो, तेथे डब्याचा झोत मुळीच घालू नये. तो पडदा कागदाहून नाजूक असतो.

कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या कुप्या मिळतात, सोडा करण्याच्या किंवा सायकलला हवा भरण्याच्या. त्यांचा झोत मोठा जोरकस. पण आत दाब वातावरणाच्या पन्नास पटींहून अधिक, आणि द्रव बाहेर आला की त्याचे उणे ७८ अंशांचे हिम होते. हे हिमकण नळीतून घासत येताना विजेचा भार घेऊन येतात. हा भार किती असू शकतो याचा दाखला म्हणजे १९५४ साली जर्मनीत बिटबुर्ग येथे झालेला अपघात. इंधनाच्या टाकीवर आग विझविण्याची कार्बन डायऑक्साइडची यंत्रणा चाचणीसाठी सोडली, आणि त्या विझविणाऱ्या वायूच्या भारानेच ठिणगी पडून स्फोट झाला. धूळ विजेच्या भाराने चिकटते आणि आपण ती उडवावयास भार घेऊन येणारा वायू आणतो, यात शहाणपण दिसत नाही.

आता पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर. हा मोह फार जणांना होतो. आमच्या एका स्नेह्याने सायकलीत हवा भरता भरता कॅमेराही पुढे केला आणि दुकानातल्या पोराने आनंदाने नळी लावली. धूळ गेली यात शंका नाही. तिच्या जागी लेन्सवर तेलाचे बारीक शिंतोडे आले, आणि ते आजतागायत कोणाला पुरते निघाले नाहीत.

असे का व्हावे? कॉम्प्रेसरच्या दट्ट्याला वंगण लागते, ते हवेबरोबर येते, हे एक. परंतु तेलापेक्षाही पाणी फसवे आहे. पावसाळ्यातली हवा घ्या: ३० अंश उष्णता, ८० टक्के दमटपणा. एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी बाष्परूपाने असते. ही हवा आपण एक-अष्टमांश जागेत दाबली. दाबताना ती तापते. सायकलचा पंप तळाशी गरम लागतो, तसे. मग टाकीत आणि नळीत ती निवते. निवल्यावर तेवढ्या लहान जागेत जेमतेम चार ग्रॅम बाष्प मावते. उरलेले वीस ग्रॅम? ते पाणी झाले. एका घनमीटर हवेमागे चार चमचे पाणी, तेही टाकीतला गंज आणि तेल मिसळलेले. ते टाकीच्या तळाला बसते आणि थोडे थोडे नळीतून बाहेर येते. दमट हवेचा कॉम्प्रेसर म्हणजे पाण्याचा झराच आहे, हे ध्यानात ठेवावे.

याचा अर्थ कॉम्प्रेसर वर्ज्य असा नाही. दंतवैद्यांकडे असतो तसा तेलविरहित कॉम्प्रेसर, त्यापुढे पाणी अडविणारे भांडे, त्यापुढे बारीक गाळणी, आणि दाब उतरविणारी तोटी, एवढे असेल तर स्टुडिओचे काम उत्तम चालते. दाब वर्ग इंचाला ३० पौंडांच्या वर नको; अमेरिकेच्या कामगार-सुरक्षेच्या नियमांत सफाईच्या झोताला हीच मर्यादा घातली आहे, कारण जास्त जोराचा झोत डोळ्यात कण घालतो आणि कातडीत हवा शिरवतो. आणि कोणताही झोत फिल्मवर नेण्यापूर्वी स्वच्छ आरशावर अर्धा मिनिट मारून पाहावा. आरसा उजेडात तिरपा धरला की तेल असेल तर दिसते. ही परीक्षा फुकट आहे आणि तिच्यात आजवर आम्ही फसलो नाही.

ज्यांचे काम रोजचे आहे, हजारो निगेटिव्ह ज्यांना हाताळावयाच्या आहेत, त्यांनी नायट्रोजनचा सिलिंडर घ्यावा, असे आमचे मत आहे. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच असतो. सिलिंडरमधला नायट्रोजन कोरडा असतो, त्यात तेल नसते, तो पेटत नाही आणि आभाळालाही त्याचा उपद्रव नाही, कारण तो तेथूनच आलेला. नेहमीच्या उंच सिलिंडरात ४७ लिटर जागा आणि वातावरणाच्या दीडशे पट दाब, म्हणजे सुमारे सात घनमीटर वायू मिळतो. एका फुंकरीला एक लिटर धरले तरी सात हजार फुंकरी झाल्या. डब्यांच्या खर्चाशी हे ताडून पाहावे.

परंतु या गुणी पाहुण्याला घरात घेण्यापूर्वी त्याचा एक दोष जाणून घ्यावा. नायट्रोजनला वास नाही. समजा, दहा फूट लांब, आठ फूट रुंद, नऊ फूट उंच अशी बंद डार्करूम आहे, आणि रात्री तोटी गळून सगळा सिलिंडर तीत रिता झाला. खोलीत वीस घनमीटर हवा होती. तीत सात घनमीटर नायट्रोजन मिसळला. प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून पंधराच्या आसपास आला. सकाळी आत शिरणाऱ्याला गुदमरल्यासारखे वाटत नाही, कारण आपल्या शरीराला कोंडमाऱ्याची जाणीव होते ती कार्बन डायऑक्साइड साठल्याने, प्राणवायू घटल्याने नव्हे. डोके हलके होते, विचार चुकतो, आणि खोली याहून लहान असेल तर माणूस खाली बसतो तो उठत नाही. म्हणून सिलिंडर बाहेरच्या पडवीत साखळीने भिंतीला बांधावा, नळी तेवढी आत आणावी, रात्री मुख्य तोटी बंद करावी. आणि दुकानदाराने नायट्रोजन नाही म्हणून ऑक्सिजन देऊ केला तर हात जोडून परत यावे. तेलाचा लवलेश आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांची गाठ पडली की आग लागते. त्यात जुनी फिल्म म्हणजे सरपण. नायट्रेटची जुनी फिल्म कशी जळते हे आपल्या पुण्याने ८ जानेवारी २००३ रोजी पाहिले आहे. प्रभात स्टुडिओच्या आवारातील तिजोऱ्यांना त्या दिवशी आग लागली आणि आपल्या बोलपटांचा मोठा जुना ठेवा राख झाला. त्या आगीचा आणि धूळ झाडण्याचा संबंध नाही. पण ज्या मालाला आपण हात लावतो तो कशाचा बनला आहे, हे आधी विचारावे, एवढ्यासाठी तिचे स्मरण दिले.

आता वैशाखाविषयी. पावसाळ्यात ओलीचे संकट, तर या दिवसांत दुपारी पुण्याच्या हवेत दमटपणा वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरतो आणि विजेचे संकट उभे राहते. निगेटिव्ह प्लास्टिकच्या पाकिटातून ओढली की घर्षणाने तिच्यावर भार येतो, आणि मग कंगव्याने कागदाचे कपटे उचलावेत तशी ती खोलीतली धूळ ओढते. पुष्कळदा असे दिसते की जितकी फुंकर घालावी तितकी धूळ परत येते. पूर्वी यासाठी पोलोनियमची पट्टी बसविलेले ब्रश मिळत. पोलोनियमच्या किरणांनी हवा विद्युतवाहक होते आणि भार निघून जातो. युक्ती नामी, पण पोलोनियम १३८ दिवसांत निम्मे होते, म्हणजे ब्रश दिसावयास नवा आणि गुणाने निकामी. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी चाप ओढण्याचे पिस्तूल असते, त्यात हा किरणांचा व्याप नसतो. याहून सोपा उपाय आपल्या आजीचा आहे: काम करण्यापूर्वी फरशीवर ओला पोछा फिरवावा, पंखा बंद ठेवावा, आणि सकाळी लवकर बसावे. लोकरीचा किंवा नायलॉनचा कपडा अंगात नको, सुती असावा. निगेटिव्ह पाकिटातून हळू काढावी. एवढ्याने अर्धी धूळ येतच नाही, आणि न आलेली धूळ उडवावी लागत नाही.

मग घरगुती माणसाने काय घ्यावे? रबरी फुगा. कान धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळतो तो, किंवा फोटोच्या दुकानात मिळतो तो मोठा. आम्ही हे सांगितल्यावर एका मित्राने विचारले, "एवढे शास्त्र सांगून शेवटी फुगा?" होय, शेवटी फुगा. त्यातली हवा खोलीतलीच असते, खोलीच्याच उष्णतेची असते. तीत द्रव नाही, तेल नाही, दाब हाताच्या मुठीएवढा. वर सांगितलेली तुटक, तिरपी फुंकर त्याच्याइतकी दुसऱ्या कशाने साधत नाही, कारण मूठ हीच त्याची तोटी. फार बारीक कण त्याने जात नाहीत हे खरे. पण वर पाहिलेच की, ते डब्यानेही सहसा जात नाहीत. त्यांना मऊ ब्रश किंवा धुणे हाच उपाय.

फुगा निवडताना मात्र बघून निवडावा. नव्या फुग्यात पुष्कळदा शंखजिऱ्याची भुकटी असते. पंचवीस-तीस वेळा रिकामा दाबून ती काढून टाकावी, नाही तर पहिल्याच फुंकरीला पीठ सांडते. ज्याला मागच्या बाजूला हवा घेण्याची झडप असते तो बरा. बिनझडपेचा फुगा समोरच्याच तोंडाने उडालेली धूळ परत आत ओढतो आणि पुढच्या फुंकरीला परत करतो. रबर जुने होऊन तडे गेले की तो टाकून द्यावा, कारण आतून त्याचाच भुगा निघू लागतो. टोक धातूचे नको. फुंकर घालताना निगेटिव्ह उभी धरावी किंवा उलटी, म्हणजे सुटलेला कण खाली पडेल. आडवी ठेवून वरून फुंकले तर धूळ फक्त घर बदलते. कॅमेऱ्याचेही तसेच, तोंड खाली करून धरावा.

आता त्या निगेटिव्हचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. आम्ही आठ दिवस तिला हात लावला नाही. मग एका जुन्या, जाणत्या फोटोग्राफरांनी धीर दिला. त्यांनी जिलेटिन कोठे सुटलेले नाही हे भिंगाने तपासले, उकळून गाळलेल्या शुद्ध पाण्यात निगेटिव्ह सावकाश भिजवली, पाणी सपाट ओघळावे म्हणून त्यात ओलावा पसरविणाऱ्या द्रवाचे थेंब घातले, आणि बंद न्हाणीघरात दोरीला चिमट्याने टांगून ती वाळविली. न्हाणीघर अशासाठी की घरातली सर्वांत कमी धुळीची जागा तीच. जिलेटिन सर्वत्र सारखे फुगले, सारखे वाळले, आणि रुतलेली धूळ बहुतेक सुटली. वर्तुळ पुष्कळ पुसट झाले. सगळे गेले नाही. छापात आईच्या पदराच्या कडेला, वृंदावनाच्या कोपऱ्यावर, एक फिकट कमान अजून दिसते. भाची म्हणाली की, ती कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत पुसता येईल. आम्ही नको म्हणालो. तिने आपल्या प्रतीत पुसली आहे, आमच्या प्रतीत ती तशीच आहे.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा आवरतो. या मेजावर तीन प्रकारचे फुगे, एक आरसा आणि काही निरुपयोगी निगेटिव्ह ठेवल्या आहेत. ज्यांना फुंकर घालून पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पुढे यावे. तो डबाही शेजारी ठेवला आहे, पण तो रिकामा आहे. भरलेला मंडपात आणू नये असे व्यवस्थापकांनी सांगितले, आणि ते योग्यच होते.